बिराजदार बाईंचे खांब

बिराजदार बाई माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी गुडघ्यांकडे. लग्नाच्या मांडवात माझ्या बायकोशी बोलता बोलता त्या मध्येच थांबत आणि पंगतीत वाढणाऱ्या एखादीकडे हनुवटीने खूण करत.

"ती बगा, जांभळ्या साडीतली. डावा गुडघा चाललाय तिचा. थोड्या दिवसांत काठी येती हातात."

"अवो बाई, ती नवरीची आत्या आहे," माझी बायको दबक्या आवाजात म्हणे.

"आसू दे की. आत्याला काय गुडघे नसत्यात?"

लातुरात आमच्या आणि त्यांच्या घरात एकच भिंत. त्या मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका, खो-खो शिकवत. मी एका हाडांच्या दवाखान्यात हिशेबाचं काम करतो. त्यामुळे बाई मला दोन्हीकडे भेटत, सकाळी भिंतीवरून आणि दुपारी दवाखान्यात, कुठल्या तरी मुलीला खांद्याचा आधार देऊन आणताना. मला त्या "भाऊ" म्हणत. चिडल्या की "हिशेबनीस" म्हणत.

आमचा दवाखाना दुर्बिणीतून गुडघ्याची ऑपरेशनं करतो. तिथे रुग्णांचे दोन प्रकार. एक अपघाताचे. हाड मोडलेलं असतं, त्यांना थांबता येत नाही. दुसरे खेळाडू. गुडघ्यातलं, हाडांना बांधून ठेवणारं लिगामेंट तुटलेलं असतं, पण चालता येतं, जिना चढता येतो, घरातली कामं होतात. फक्त पळता पळता वळलं की गुडघा निसटतो. यांचं ऑपरेशन आज केलं काय, महिन्याने केलं काय, माणूस मरत नाही. गावोगावच्या यात्रांमधली कबड्डी, शाळांच्या स्पर्धा आणि पोलीस भरतीचा सराव सुरू झाला की आमच्या बाकांवर बसायला जागा नसे. मला आकड्यांची सवय आहे, पण जे मी स्वतः मोजलं नाही ते सांगत नाही. एवढं मात्र खात्रीने सांगतो, की खेड्यांतून येणाऱ्या मुलींमधल्या बहुतेकींना आणणारी बाई एकच होती.

खो-खोच्या मैदानाला दोन टोकांना दोन लाकडी खांब लागतात. शाळेच्या कोठीत वाळवी लागली तेव्हापासून बाईंनी ते घरी आणून बैठकीच्या दाराआड उभे केले होते. सुट्टीच्या दिवशी त्या अंगणात बसून खांबांना पॉलिश पेपर घासत. हात फिरवून बघत, पुन्हा घासत. एक कुसळ राहिलं तर पोरीच्या तळव्यात जाईल, म्हणत. त्यांचे यजमान शिवराजअप्पा, ज्यांचं गंजगोलाईजवळ किराणा दुकान होतं, आल्यागेल्याला त्या खांबांची ओळख करून देत.

"ह्या आमच्या घरातल्या दोन सवती. माझ्या डोक्याला कधी तेल लागलं न्हाई, पण ह्यांची मालिश चुकत न्हाई."

"तुमच्या डोक्यावर लावायला काय राहिलंय?" बाई आतून विचारत.

शाळेचं मैदान आमच्या गल्लीच्या मागेच. सकाळी चुन्याच्या फक्कीची पाटी घेऊन बाई स्वतः रेघा मारत. शिपायाला हात लावू देत नसत. तो रेघ वाकडी मारतो, असं त्यांचं म्हणणं. मग मुली येत आणि त्यांचा आवाज सुरू होई. "वळ! वळ गं पोरी, वळ!" आमच्या घरी त्या आवाजावर दूध तापायला ठेवलं जाई. एखादी मुलगी वेगाने पळून खांबापर्यंत गेली आणि वळताना कचरली, तर त्या शिट्टी तोंडातून काढून सांगत, "सरळ तर म्हैस बी पळती. वळून दाखव." हे वाक्य लातुरातल्या कितीतरी घरांत पोचलेलं होतं. माझा मुलगा गणितात एकाच रीतीने अडकला की माझी बायकोही त्याला हेच म्हणायची.

खेड्यातल्या बापाला मुलीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तयार करणं सोपं नव्हतं. "चालती की ती. धुणंभांडी समदं करती. कशाला कापायचं?" हे पहिलं. "उद्या पाहुणे बघायला आले तर टाके दिसतील," हे दुसरं. बाई वाद घालत नसत. आधी ऑपरेशन झालेली एखादी मुलगी त्या बरोबरच घेऊन येत. दवाखान्याच्या आवारात एक कडुलिंबाचं झाड आहे. त्या मुलीला तिथे उभं करून म्हणत, "पळ. लिंबाला हात लाव अन् वळ." ती मुलगी पळत जाई, एका हाताने बुंधा धरून भर्रकन वळे आणि हसत परत येई. मग बाई तिच्या पॅन्टचा पाय गुडघ्यापर्यंत दुमडून बापाला दाखवत. "कुठं हायत टाके? दिसले तर मला सांगा." आमचा वॉचमन वैतागे. "बाई, हे दवाखाना हाय का सर्कस?" बाप मात्र झाडाकडे बघत राही, मग मुलीकडे, आणि विचारे, "कधी आणू?"

निकिताचा बाप बालाजी असाच तयार झाला होता. तो किल्लारीकडे जीप चालवतो. निकिता बाईंच्या शाळेत वसतिगृहात राहून शिकली. बारावीला असताना एका सामन्यात खांबाजवळ तिचा गुडघा फिरला आणि लिगामेंट तुटलं. बाईंनी इतक्या मुली घडवल्या, पण कुणाचं कौतुक भिंतीवरून मला सांगितलं असेल तर हिचंच. "भाऊ, ही वळती तवा माती बी उडत न्हाई." ऑपरेशनची तारीख मार्चअखेरची ठरली. त्याच आठवड्यात कोरोनामुळे सगळं बंद झालं.

तारखा दिलेल्या लोकांना फोन करून कळवायचं काम माझ्याकडे आलं. दवाखान्याने सांगितलेलं वाक्य ठरलेलं होतं: ऑपरेशन तातडीचं नसल्यामुळे पुढे ढकललं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई भिंतीपाशी आल्या. मैदानाला कुलूप होतं, तरी हाताला फक्की लागलेली होती. अंगणातच रेघा मारत बसल्या असाव्यात.

"आमच्या निकिताला बी केला का फोन?"

"केला, बाई."

"काय म्हणालाव?"

"तातडीचं नाही, म्हणून पुढे ढकललं."

"कुणाला तातडीचं न्हाई?"

मी ठरलेलं वाक्य पुन्हा सुरू केलं.

"अठरा वर्षांच्या पोरीला समदंच तातडीचं असतंय, हिशेबनीस," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

दवाखाना नंतर उघडला, पण बाकं रिकामीच राहिली. लोक भीत होते हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं. यात्रा बंद, शाळा बंद, भरती बंद. खेळच नाही तर नवे गुडघे कुठून येणार? आणि जुने गुडघे घरी बसून शांत झाले होते. पळायचं नाही, वळायचं नाही, मग निसटणार कशाला? ज्यांना आम्ही पुन्हा तारीख द्यायला फोन केले, त्यांच्यातले पुष्कळ जण म्हणत, "आता काय बी दुखत न्हाई की ओ. बसूनच बरं झालं." डॉक्टरसाहेब म्हणायचे, काही जणांचं खरोखरच ऑपरेशनशिवाय भागतं, पण कुणाचं भागणार आणि कुणाचं नाही, हे बसलेला गुडघा सांगत नाही.

बाईंना हे पटत नव्हतं. थांबलेलं काम सडतं, असं त्या म्हणत. मुलींच्या बापांना रोज फोन करत. बाप म्हणत, दवाखान्यात रोग आहे. तेव्हा बाईंनी ठरवलं, की आधी आपल्या माणसाला टेबलावर घालायचं. शिवराजअप्पा तरुणपणी कबड्डी खेळलेले. त्यांच्या गुडघ्यातली गादी फाटलेली होती आणि दुकानात मांडी घालून बसले की पाय अडकून राही. वर्षानुवर्षं ते आज-उद्या करत होते.

"मास्तरीण, मी काय नमुना हाय का लोकांना दाखवायला?" ते म्हणाले. मी तिथेच चहा पीत बसलो होतो.

"हाव. नमुनाच हाव."

"अन् वर गेलो तर?"

"वर जाऊन बी दुकानच घालताल तुम्ही. उधारी बंद, पाटी लावून."

अप्पा एवढे हसले की त्यांच्या बशीतला चहा सांडला. ऑपरेशन व्यवस्थित झालं. घरी आल्यावर काही दिवसांनी बाईंनी अंगणात एक खांब उभा केला आणि अप्पांना त्याच्याभोवती हळूहळू फिरवलं. मोबाइलवर त्याचं चित्रीकरण माझ्या मुलाने केलं. त्यात अप्पा खांबाला एका हाताने धरून वळतात, कॅमेऱ्याकडे बघतात आणि म्हणतात, "सरळ तर म्हैस बी पळती. बगा, बैल बी वळायलाय." मागून बाईंचं हसू ऐकू येतं. ते चित्रीकरण बाईंनी सगळ्या मुलींच्या बापांना पाठवलं. त्या आठवड्यात आमच्या दवाखान्यात खेड्यांतून फोन येऊ लागले. कितीतरी दिवसांनी मी पुन्हा तारखा देत होतो.

मग अप्पांना ताप आला.

लागण कुठे झाली हे सांगता येणार नाही. दवाखान्यात झाली असेल, दुकानातल्या नोकराकडून झाली असेल, भेटायला आलेल्या पाहुण्यांकडून झाली असेल. मी पुष्कळ विचार केला आणि माझ्यापुरतं हे नक्की केलं, की ते ठरवायला कुणाकडेही काही साधन नाही. पण लोकांना साधन लागत नाही. अप्पांना दुसऱ्या दवाखान्यात नेलं, तिथे ऑक्सिजनवर ठेवलं, आणि बाईंना त्यांचं तोंड पुन्हा दिसलं ते एका नर्सने फोनवर दाखवलं तेव्हा. ते लिंगायत. त्यांच्यात माणसाला बसवून माती देतात, कपाळाला विभूती लावतात, गळ्यातलं लिंग हातात ठेवतात. अप्पांच्या वेळी यातलं काही झालं नाही. पिशवीत बांधलेला माणूस आडवाच गेला. पुढे कित्येक महिने बाई बोलता बोलता मध्येच म्हणत, "आडवा गेला ओ माझा माणूस." सांत्वनाला आलेले लोक मान हलवत.

बातमी त्याच फोनांवर गेली ज्यांवर ते चित्रीकरण गेलं होतं. खांबाला धरून हसणारे अप्पा आणि खाली त्यांच्या जाण्याचा निरोप. दिलेल्या तारखा एकामागून एक रद्द झाल्या. कुणी कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आमच्या दवाखान्यात वरिष्ठ म्हणायचे, "खेड्यांतली मागणी पार बसली." मला ती मागणी कुठे राहते ते माहीत होतं. ती माझ्या भिंतीपलीकडे राहत होती आणि सकाळी उठून ओसरीवर नुसती बसून असायची.

बाईंनी कुणालाही ऑपरेशन करू नका असं सांगितलं नाही, हे मला स्पष्ट लिहायचं आहे. त्यांनी फक्त करा म्हणणं बंद केलं. दवाखान्याच्या रस्त्याने त्या जातच नसत. भाजीला जायचं तरी मागच्या गल्लीने वळसा घालून जात.

एकदा संध्याकाळी त्या गच्चीवर होत्या आणि मी माझ्या गच्चीवर टाकीतलं पाणी बघत होतो. बालाजीचा फोन आला. त्याचा आवाज मोठा. जीपचं इंजिन चालू ठेवून बोलण्याची त्याला सवय.

"बाई, दवाखान्यातून पुन्यांदा फोन आला ओ. निकिताला आणा म्हणायलेत. काय करू? तुम्ही म्हणताल तसं."

बालाजी "हॅलो, बाई, हॅलो" करत राहिला.

"थांबा थोडं," त्या म्हणाल्या.

"थांबू?"

"थांबा. काय गडबड हाय."

बालाजीला हेच ऐकायचं होतं. त्याच्या आवाजात सुटका झाली. "मी बी तेच म्हणतो. पोरगी तर पळायली की ओ आता!"

ते खरं होतं. त्यांचं गाव भूकंपानंतर नव्याने वसवलेलं. आखून दिलेले रुंद, सरळ रस्ते. गल्लीबोळ नाहीत, वळणं नाहीत. निकिता रोज पहाटे त्या रस्त्यांवर पळायची. शाळेपासून पाण्याच्या टाकीपर्यंत सरळ, तिथे थांबायचं, तोंड फिरवायचं, परत सरळ. गुडघा दुखत नव्हता, सुजत नव्हता. गावातली माणसं बालाजीला म्हणत, बघ, डॉक्टरचं ऐकलं असतं तर उगीच पाय कापून बसली असती. डॉक्टरसाहेबांशी मी स्वतः बोललो होतो. ते म्हणाले, सूज नसेल तर थांबायला हरकत नाही, पण खेळ सुरू करण्याआधी मला दाखवा, आणि तोवर वळणं नकोत. हा निरोप मी भिंतीवरून बाईंना दिला. त्यांनी मान हलवली.

पुढच्या वर्षी दुसरी लाट येऊन गेली आणि कधीतरी मैदानाचं कुलूप निघालं. बाईंनी खांब बाहेर काढले, पण रेघा शिपायाने मारल्या. मुली थोड्याच आल्या. काहींची लग्नं झाली होती, काहींचं शिक्षण सुटलं होतं. "वळ" हा आवाज सकाळी येई, पण दोनदा-तीनदाच.

एका रविवारी निकिता आली. बापाच्या जीपमधून उतरली ती धावतच बाईंच्या अंगणात शिरली आणि पाया पडली. उंच झाली होती, केस बारीक कापले होते. पोलीस भरतीचा अर्ज भरणार, म्हणाली. पण त्याआधी नांदेडला खो-खोच्या संघाची निवड होती.

"बाई, मला न्या की नांदेडला. मी बरी झाले. टाकीपर्यंत पळती रोज. दम बी लागत न्हाई."

बाई तिच्या गुडघ्याकडे बघत होत्या. "सरळ तर..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

"म्हैस बी पळती," निकिताने हसून पुरं केलं. "मग बगा की वळून दाखवती."

मी भिंतीपाशी होतो. म्हणालो, "बाई, उद्या डॉक्टरसाहेबांना दाखवू. मी नंबर लावतो, थांबावं लागणार नाही."

"त्या दारात मी न्हाई येणार, भाऊ."

"तुम्ही नका येऊ. बालाजी नेईल. मी आहे तिथे."

बालाजी जीपला टेकून उभा होता. तो बाईंकडे बघत राहिला. त्यांच्या तोंडून जे निघेल ते करायची त्याला सवय झाली होती.

बाईंच्या मनात काय होतं ते मी खात्रीने सांगू शकत नाही. माझा अंदाज एवढाच, की त्यांना तो गुडघा बरा झालेला हवा होता. त्यांनी नवऱ्याला टेबलावर घातलं आणि तो गेला. या मुलीला त्यांनी थांबवलं. ती जर न कापता बरी झाली असेल, तर निदान एक शब्द तरी त्यांचा खरा ठरला असता. "मैदानावर चल," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर वळ. मग नांदेडचं बगू."

मी मागोमाग गेलो. मैदानावर फक्की मारलेली होती. शिपायाची रेघ एका जागी वाकडी होती. बाईंनी ती हाताने पुसली आणि पुन्हा सरळ ओढली. मग उभ्या राहिल्या.

पहिल्यांदा निकिता हळू गेली. खांब धरून सावकाश वळली. काही झालं नाही. दुसऱ्यांदा थोडी वेगात. वळली. बालाजीने टाळी वाजवली. बाईंच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी काहीतरी हललं. त्यांनी शिट्टी तोंडात घातली, पुन्हा काढली.

"आता खेळल्यावानी," त्या म्हणाल्या.

निकिता पळाली. तिला पळताना पाहून मला बाईंचं जुनं कौतुक आठवलं. माती उडत नव्हती. खांब जवळ आला तसा बाईंचा आवाज चढला, पूर्वी आमच्या गल्लीत येई तसा. "वळ! वळ गं पोरी, व..."

आवाज झाला, असं नंतर बालाजी म्हणाला. मी ऐकला नाही. मला एवढंच दिसलं, की निकिताचा हात खांबावरून सुटला आणि शरीर वळलं, पण पाय मातीत तसाच रोवलेला राहिला.

बाई तिच्यापर्यंत कशा पोचल्या मला कळलं नाही. त्यांनी तो गुडघा दोन्ही हातांनी धरला होता. निकिताच्या निळ्या पॅन्टवर फक्कीचे पंजे उमटले होते, पांढरे, बोटांसकट. निकिता ओरडत नव्हती. ती बाईंना सांगत होती, "काय न्हाई झालं, बाई. लचकला थोडा. काय न्हाई झालं."

ज्या दारात येणार नाही म्हणाल्या होत्या, त्या दारातून बाई तिला एका बाजूने धरून आत आल्या. आवारातल्या लिंबाखालून आल्या. वॉचमन उठून उभा राहिला.

लिगामेंट तुटलेलंच होतं. ते डॉक्टरांनी नवं बसवलं. पण गुडघ्यातली गादी फाटून दुमडली होती आणि हाडावरचं गुळगुळीत आवरण खरवडलं गेलं होतं. बरीचशी गादी काढावी लागली. आधी केलं असतं तर वाचली असती का, असं बाईंनी विचारलं. डॉक्टर प्रामाणिक माणूस. ते म्हणाले, "बहुतेक वाचली असती. पण छातीठोक कुणी सांगू शकणार नाही." बाईंनी त्यातला पहिलाच भाग ऐकला असावा.

खेळ संपला, भरतीही संपली. भरतीसाठी सरळच पळायचं असतं, हे बालाजी मला एकदा म्हणाला. रागाने नाही, हिशेब जुळत नसला की माणूस पुन्हा पुन्हा तोच आकडा वाचतो, तसा म्हणाला. बाईंना मात्र तो कधी काही बोलला नाही. ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या बाकावर बाईंनी त्याचा दंड धरला होता.

"बालाजी, एकदा शिव्या घाल की रे मला."

"काय बी बोलताव, बाई. तुम्ही काय मुद्दाम केलं का?"

"घाल रे. एकदा घाल."

तो उठून जीप नीट लावायच्या निमित्ताने बाहेर गेला. जीप नीटच लावलेली होती.

आमचा दवाखाना आता पुन्हा भरलेला असतो. टर्फवर क्रिकेट खेळणारे येतात, जिममधले येतात, भरतीची मुलं येतात. वरिष्ठ म्हणतात, मागणी परत आली. खेड्यांतल्या मुली तेवढ्या येत नाहीत. त्यांचे गुडघे तुटायचे थांबले असतील असं मला वाटत नाही. लिंबाला हात लावून वळून दाखवायला कुणी आणत नाही, एवढंच.

बाईंनी मुदतीआधीच नोकरी सोडली. शाळेत नवे शिक्षक आले, त्यांनी नवे खांब आणले. जुने खांब बाई गच्चीवर घेऊन गेल्या. त्यांना दोरी बांधली आणि त्यावर कपडे वाळत घालू लागल्या. एकट्या बाईचे कपडे ते किती. दोरी बहुतेक रिकामीच असते. खांबांना पॉलिश पेपर लागलेला नाही. पावसाने ते काळे पडले आहेत आणि आता त्यांना कुसळं आली आहेत. माझी बायको एकदा दोरी सोडायला गेली आणि तिच्या तळव्यात एक कुसळ गेलं. बाईंनी सुईने ते काढून दिलं. डोकं खाली घालून, खूप वेळ लावून काढलं.

निकिता आता नांदेडला मावशीकडे असते. एका झेरॉक्सच्या दुकानात काउंटरवर बसते. उभं राहून करायचं काम तिला जमत नाही. बाई अधूनमधून एसटीने तिला भेटायला जातात. काय बोलतात दोघी, मला माहीत नाही. मागच्या हिवाळ्यात पुतणीच्या साखरपुड्यासाठी मी नांदेडला गेलो होतो. परतताना बसस्थानकावर लातूरची गाडी शोधत होतो, तेव्हा त्या दिसल्या.

निकिता बाईंना गाडीत बसवायला आली होती. दोघी गर्दीतून फलाटाकडे येत होत्या. निकिता पाय किंचित ओढत चालते. बाईंच्या पायाला काहीही झालेलं नाही, पण त्यांनीही तीच चाल धरली होती. पाऊल टाकून थांबायचं, मग दुसरं. लांबून कुणाला वाटलं असतं, दोघींचाही एकच गुडघा गेलाय. मी हाक मारणार होतो.

तेवढ्यात मागून एक बस हॉर्न देत फलाटाला लागायला आली. निकिता दचकली आणि बघायला म्हणून झटकन मागे फिरू लागली. बाईंनी हातातली पिशवी खाली टाकली आणि तिच्या पाठीवर दोन्ही तळवे घट्ट ठेवले. आवाज तोच होता, आमच्या गल्लीत दुधाच्या वेळेला येणारा. आसपासच्या लोकांनी वळून पाहिलं.

"वळू नको! सरळ चल, पोरी. सरळ चल."

बस त्यांच्या बाजूने पुढे जाऊन फलाटाला लागली. त्या दोघी सरळ चालत राहिल्या. पिशवी मागेच पडली होती.